चार गाठींचा दोर

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती वर्षे झाली हे सांगणाऱ्यांनी कधी मोजले नाही आणि ऐकणाऱ्यांनी कधी विचारले नाही. ज्या राज्यात ती घडली, तिथल्या लोकांना मोजण्याची आवड नव्हतीच. त्यांना भरलेले पाहण्याची आवड होती.

त्या राज्याच्या एका टोकाला उंच डोंगर होता आणि दुसऱ्या टोकाला खोलगट, पाणथळ गाव होते. डोंगरावर कडू सालीची झाडे होती. गावात दर साली, भात पोटरीला येई त्या दिवसांत, हाडे खिळखिळी करणारा हिवताप येई. जिथे झाडे होती तिथे ताप नव्हता. जिथे ताप होता तिथे झाडे नव्हती. दोहोंच्या मध्ये पाच दिवसांची वाट होती आणि त्या वाटेवर राज्याच्या चार चौक्या होत्या.

डोंगरावर एक म्हातारी राहत असे. सारे तिला अर्कवाली म्हणत. साल कुटावी, सात दिवस भिजत घालावी, मंद आचेवर आटवावी, गाळावी, निवळू द्यावी, हे काम तिच्या आईने केले होते आणि आईच्या आईनेही. तिचा अर्क दिसायला विहिरीच्या पाण्यासारखा नितळ असे. पण त्याचा थेंब जिभेला लागला, तर धडधाकट माणूस घटकाभर तोंड वाकडे करून बसे.

दरसाल ती अर्काची एक घागर भरी. घागर तांब्याची होती, चार पायल्यांची. त्या राज्यात पायलीचे चार शेर होत, शेराची चार चिपटी आणि चिपट्याची चार निळवी. निळवे हे सगळ्यांत लहान माप, हाताच्या ओंजळीतही सहज मावणारे. घागरीच्या तोंडाला फडके बांधून, त्यावर दोर आवळून ती कावडीवाल्यांच्या स्वाधीन केली जाई. प्रत्येक चौकीवर कावडीवाले बदलत, त्यामुळे डोंगरावरचे कुणी कधी खालपर्यंत जात नसे. घागरीसोबत एकच निरोप जाई: एकास नऊ. म्हणजे एक चिपटे अर्कात नऊ चिपटी पाणी घालावे आणि त्यातले चिपटेभर आजाऱ्याला रोज पाजावे, असे तीन दिवस.

हा निरोप इतका जुना होता, की पाणथळ गावातली मुले तो खेळताना म्हणत आणि आया बाळांना थोपटताना म्हणत. तो कशाबद्दल आहे, हे विचारण्याची गरज कुणाला उरली नव्हती. खुद्द अर्कवालीलाही नाही.

तिची एकुलती एक लेक त्याच गावात दिली होती.

त्या साली घागर जाऊन महिना उलटला असेल, तोच दोन शिपाई डोंगर चढून आले. अर्कवाली भट्टीपाशी बसली होती.

"अर्कवाली तूच ना गं?" पहिल्याने विचारले.

"भट्टी माझी, धूर माझा, मग आणखी कोण असणार? पाणी प्या आधी. दमलात."

"पाणी नको तुझ्या हातचं. दरसाल ताप हलका असतो, निभतं. यंदा जहाल आला आणि खालच्या गावात अठरा माणसं गेली. एकतीस अंथरुणावर आहेत. तुझ्या अर्काला गुण नाही. पाटलानं दरबारात तक्रार केली आहे, की तू अर्काच्या नावानं पाणी विकतेस."

म्हातारीच्या हातातली पळी तशीच राहिली. अठरा हा आकडा तिने मनात एकदा म्हटला, दुसऱ्यांदा म्हटला. मग तिने विचारले, "माझी लेक?"

दुसरा शिपाई वयाने थोराड होता. त्याने नजर खाली घातली. "एकतिसांत आहे, आजी."

ती उठली. भट्टीवर नव्या अर्काचे भांडे होते, ते तिने उतरवायला घेतले. "चला. हा आजच तयार झाला आहे. हाच घेऊन जाऊ."

"आरोपीच्या हातचा अर्क राज्याच्या वाटेवर चालायचा नाही," पहिला म्हणाला, आणि त्याने भट्टीवर घडाभर पाणी ओतले. जाळ विझला. तो आवाज अर्कवाली पुढे आयुष्यभर विसरली नाही. त्या आवाजाबरोबर तिच्या पोटात जे पेटले, ते मात्र कुणाला विझवता आले नाही.

वाटेत त्यांना एक मधवाला भेटला. त्याच्या डोक्यावर चार पायल्यांचा माठ होता आणि तोही राजधानीकडेच निघाला होता. बडबड्या माणूस. दुसरे कुणी ऐकत नसेल, तर तो माठाशी बोले.

पहिली चौकी आली. चौकीचा नाईक हसतमुख होता. त्याने माठाचे झाकण काढले, पायलीचे माप आत बुडवले, भरून घेतले आणि शेजारच्या रांजणातले पायलीभर पाणी माठात ओतले. मग काठीने ढवळून झाकण लावले.

अर्कवाली बघतच राहिली. "हे काय केलंत?"

"वाटेचा मान, आजी," नाईक म्हणाला. "चार पायल्यांमागे एक पायली राजाच्या चौकीची."

"आणि पाणी कशाला?"

"असं काय विचारता? अर्धंमुर्धं भांडं राजाच्या वाटेवरून न्यायचं? अपशकुन!"

ही त्या राज्याची जुनी रीत होती. कुण्या एका राजाच्या अभिषेकाच्या दिवशी वेशीतून अर्धी घागर आत आली आणि वर्षाच्या आत तो राजा घोड्यावरून पडला. घोड्याची चौकशी झाली नाही, घागरीची झाली. तेव्हापासून हुकूम होता, की या वाटेवरून खाली जाणारे प्रत्येक भांडे काठोकाठ भरलेले असावे. कशाने भरलेले असावे, हे हुकुमात लिहायचे राहून गेले होते.

"अर्काच्या घागरीचंही असंच करता?" अर्कवालीने विचारले.

"आम्ही भेदभाव करत नाही हो. तेल असो, मध असो, अर्क असो. राजाच्या वाटेवर सगळी भांडी सारखी."

"आणि घेतलेल्या अर्काचं काय करता?"

"सणावारी जेवण जड झालं, की घोट घोट घेतो. पोटाला बरा. कडू मात्र फार हो, आजी! जरा गोड काढता आला तर बघा की."

म्हातारीने त्याच्याकडे असे पाहिले, की त्याचे हसू ओठांवरच वाळले. पण दरबाराचा हुकूम त्यालाही होता: घागर भरलेली गेली, अशी साक्ष द्यायला प्रत्येक नाईकाने यायचे होते. म्हणून तोही सोबत निघाला.

दुसऱ्या चौकीवर तेच झाले. तिसऱ्या आणि चौथ्या चौकीवरही. प्रत्येक ठिकाणी माठात पायली बुडाली, पाणी पडले, काठी फिरली आणि एक नाईक वाढला. अर्कवाली दर वेळी मधात बोट बुडवून पाही. डोंगरावर तो मध बोटावरून दोऱ्यासारखा सुटत होता. दुसऱ्या चौकीनंतर त्याची धार लागली. चौथ्या चौकीनंतर तो नुसता ठिबकू लागला.

"तुला राग नाही येत?" तिने मधवाल्याला विचारले.

"कशाचा, आजी? खालच्या लोकांनी खरा मध कधी चाखलाच नाही. त्यांना वाटतं, मध असाच असतो. उलट एकदा मी आडवाटेनं घट्ट मध नेला, तर म्हणाले, यात गूळ घातलास."

चौथा नाईक हे ऐकून हसला. मोठेपणाने म्हणाला, "वरच्या चौकीवाले उगाच म्हणतात अर्क कडू असतो. आमच्याकडं येतो तो तसा काही कडू नसतो बुवा. मी तर गटागट पितो."

त्या एका वाक्याने अर्कवालीला सारे कळले. ती वाटेतच थांबली. शिपायांना वाटले, म्हातारीला घेरी आली. पण ती बोटांच्या पेरांवर काही मोजत होती आणि मोजता मोजता तिचा चेहरा दगडासारखा होत गेला.

राजधानीत पोहोचले तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता. "मला आत्ताच्या आत्ता महाराजांपुढं उभी करा," ती म्हणाली. "खालचं गाव इथून दिवसाच्या वाटेवर आहे. एक निरोप पाठवायचा आहे. चार शब्दांचा."

प्रधान बाहेर आला. वाटेच्या मानाचा आणि भरल्या भांड्यांचा सारा कारभार त्याच्याकडे होता. त्याने पंचांग उघडले. "आज तर दिवस मावळला. उद्या सूर्योदयापासून रिक्ता तिथी आहे. रिकाम्या तिथीवर या राज्यात निवाडा होत नाही. परवा या."

"प्रधानजी, तिथं माणसं मरताहेत."

"तुझ्यामुळं मरताहेत. आणि निवाडा होईस्तोवर तुझा निरोप गावात जाणार नाही. त्या घागरीवर मी मोहोर लावली आहे."

एक दिवस गेला. अर्कवालीने त्या दिवसात अन्नाला स्पर्श केला नाही. चौघे नाईक समोरच्या ओट्यावर सोंगट्या खेळत होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

परवाच्या सकाळी दरबार भरला. राजा सिंहासनावर होता. एका बाजूला पाणथळ गावाचा पाटील उभा होता. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. दुसऱ्या बाजूला चार नाईक.

प्रधानाने विचारले, "नाईक, घागर तुझ्या चौकीवरून गेली तेव्हा भरलेली होती?"

"काठोकाठ, प्रधानजी."

हाच प्रश्न आणि हेच उत्तर चार वेळा झाले. चौथ्या उत्तरानंतर अर्कवाली हसली.

राजाच्या कपाळाला आठी पडली. "अठरा माणसं गेली आणि तू हसतेस?"

"रडले असते तर तुम्ही म्हणाला असता, मनात पाप आहे. ओरडले असते तर म्हणाला असता, वेड लागलं. म्हणून हसले, महाराज. या चौघांना विचारा, की भरलेली होती ती कशानं?"

प्रधान पुढे झाला. "रीतीप्रमाणं एक पायली घेतली, रीतीप्रमाणं एक पायली घातली. घेतलं तेवढं परत दिलं. उणं काय झालं?"

"अर्क घेतला आणि पाणी दिलं!"

"असं?" प्रधानाच्या ओठांवर हुशारीचे हसू आले. "महाराज, हिचा हिशेब हिच्यावरच उलटतो. घागर चार पायल्यांची. चौक्या चार. प्रत्येकानं पायलीभर अर्क काढला असेल, तर चार वजा चार म्हणजे शून्य. घागरीत अर्काचा थेंबही उरायला नको. पण पाटील म्हणतो, औषध किंचित कडू लागत होतं आणि दोघांना थोडा उतारही पडला. म्हणजे अर्क होता. म्हणजे चौक्यांनी काही बिघडवलं नाही. म्हणजे अर्क मुळातच पातळ होता!"

दरबारात वाहवा झाली. चौघे नाईक एकमेकांकडे पाहून ताठ उभे राहिले.

अर्कवालीचा राग आतापर्यंत तिच्या आवाजात होता. आता तो तिथून उतरला आणि हिशेबात जाऊन बसला. आणि तिथे तो फार धारदार झाला.

"महाराज," ती म्हणाली, "तुमच्या सोनाराकडं तांबड्या गुंजा असतील आणि पांढऱ्या गुंजा असतील. मला दोन्ही द्या. आणि एक परात."

गुंजा आल्या. तिने परातीत तांबड्या गुंजा मोजून टाकल्या. "शेराची निळवी सोळा. घागर सोळा शेरांची. सोळा सोळे दोनशे छप्पन्न. या दोनशे छप्पन्न तांबड्या गुंजा म्हणजे माझी घागर. एक गुंज म्हणजे एक निळवे अर्क. पायलीची निळवी चौसष्ट. ये रे पहिल्या नाईका. घे तुझा मान. चौसष्ट उचल आणि चौसष्ट पांढऱ्या घाल. तुझं पाणी."

पहिल्या नाईकाने तसे केले.

"आता ढवळ. चौकीवर ढवळतोस ना? तसंच ढवळ."

त्याने ढवळले. तांबड्यांत पांढऱ्या मिसळून गेल्या.

"आता दुसरा. डोळे मिटून चौसष्ट उचल. उचलल्यास? आता डोळे उघड आणि ओंजळ बघ."

दुसऱ्या नाईकाने ओंजळ पाहिली. तीत पांढऱ्या गुंजाही होत्या.

"हे आहे तुमचं उत्तर, प्रधानजी," ती म्हणाली. "पहिल्यानं पायलीभर अर्क घेतला. दुसऱ्यानं पायलीभर अर्क घेतलाच नाही. त्यानं पहिल्याचं पाणीही घेतलं. तिसऱ्यानं दोघांचं पाणी घेतलं. जो तो उरलेल्यातला चौथा हिस्सा नेतो. चार वजा चार नव्हे. दोनशे छप्पन्नाचे एकशे ब्याण्णव. त्याचे एकशे चव्वेचाळीस. त्याचे एकशे आठ. त्याचे एक्याऐंशी." तिने कोळशाने फरशीवर तो आकडा लिहिला. "मोजून घ्या."

तिसऱ्याने उचलल्या, घातल्या, ढवळल्या. चौथ्यानेही. मग राजाच्या डोळ्यांदेखत सोनाराने तांबड्या गुंजा वेगळ्या काढल्या.

त्र्याऐंशी भरल्या.

"चुकली!" प्रधान ओरडला. "एक्याऐंशी म्हणाली होती!"

"दोन गुंजा जास्त," ती शांतपणे म्हणाली. "माणसाचा हात पाण्याइतका सारखा कालवत नाही. पण तुमचं शून्य कुठं आहे, प्रधानजी? दाखवा की मला परातीत."

दरबारात कुणीतरी हसले.

"एक्याऐंशी निळवी म्हणजे पाच शेर आणि वर एक निळवे," ती राजाकडे वळली. "सोळा शेर अर्क मी दिला, पाच शेर गावात पोहोचला. अकरा शेर यांच्या मेजवान्यांत गेला. पण महाराज, माझा खरा राग त्याच्यावर नाही."

राजाने आश्चर्याने विचारले, "मग कशावर आहे?"

अर्कवालीने पाटलाकडे पाहिले. "पाटील, घागर आली तेव्हा पाणी किती घातलंत?"

"एकास नऊ," पाटील म्हणाला. "निरोपच तसा."

"कडू कमी लागतंय, हे कुणाला कळलं नाही?"

पाटलाची मान खाली गेली. "तुमच्या लेकीला कळलं होतं, मावशी. तिनं जीभ लावून सांगितलं, की हा आईचा अर्क नव्हे. मला वाटलं, आईनंच फसवलं असं म्हणते. म्हणून तर मी तक्रारीला आलो. पाणी कमी करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

म्हातारीने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "त्यात माझाही वाटा आहे. एकास नऊ हा निरोप निखळ अर्काचा. तो मी पोपटासारखा पाठवत राहिले, आणि अर्क वाटेत कसा जातो हे कधी बघायला आले नाही. पण ऐका, महाराज. त्या घागरीत जे आहे, त्यात तिसऱ्या हिश्शाहून थोडा कमी अर्क आहे. त्यात नऊ मापं पाणी घातलं म्हणून ते औषध राहिलं नाही. दोनच मापं घातली असती, तर झालं असतं! हे चौघं नुसते बोलले असते, की आम्ही पाणी घातलंय, तर गावानं पाणी कमी घातलं असतं. औषध कमी पुरलं असतं, पण औषधच असतं. अठरा माणसं पाण्यानं मेली नाहीत. यांच्या गप्प बसण्यानं मेली."

सोनाराच्या हातून एक गुंज निसटली आणि फरशीवर घरंगळत गेली.

"पाटील, घागरीत आता किती उरलं आहे?"

"निम्मं. आठ शेर."

"आठ शेरांची चिपटी बत्तीस. एकास दोन पाणी घातलं, की शहाण्णव चिपटी औषध. एकतीस आजारी, माणशी तीन चिपटी, म्हणजे त्र्याण्णव. पुरतं, पाटील! वर तीन चिपटी उरतात. एकास दोन. एकास दोन, ध्यानात ठेवा. अंमळ जास्त कडू झालं तर कुणी मरत नाही. जा, घोडा काढा!"

राजाने नुसता हात हलवला. घागरीवरची मोहोर तोडण्याचा हुकूम घेऊन पाटील धावत बाहेर गेला आणि दुपार कलायच्या आत गावात पोहोचला.

पाचव्या दिवशी तो परत आला. दरबारात शिरताना त्याचा चेहरा उजळलेलाही नव्हता आणि उतरलेलाही नव्हता. असा चेहरा घेऊन माणूस फार थोड्या वेळा कुठे जातो.

"महाराज, तीस जण उठून बसले," तो म्हणाला. "पेज मागताहेत."

"तीस?" अर्कवालीने विचारले. तिला एकतीस ठाऊक होते.

पाटील तिच्यासमोर येऊन खाली बसला. "मावशी, मी पोहोचलो त्याच्या आदल्या संध्याकाळी तुमची लेक गेली."

आदल्या संध्याकाळी म्हणजे रिकाम्या तिथीच्या संध्याकाळी. चौघे नाईक सोंगट्या खेळत होते आणि प्रधानाचे पंचांग मिटलेले होते, त्या संध्याकाळी.

अर्कवाली किती वेळ उभी होती, हे कुणी मोजले नाही. राजा सिंहासनावरून उतरला. त्याने तिच्यापुढे शालू ठेवला, सोन्याच्या बांगड्या ठेवल्या. मग म्हणाला, "मागशील ती शिक्षा यांना देतो. प्रधानासकट हाकलून देतो."

"हाकलून काय होईल?" ती म्हणाली. "नवे नाईक येतील आणि नवी पायली आणतील. नवा प्रधान नवं पंचांग उघडेल. शालू उचला तो, माझ्याच्यानं बघवत नाही. आणि ती घागरीवरची दोरी मला द्या."

पाटलाने घागरीचा दोर सोबत आणला होता. तिने तो हातात घेतला आणि पहिल्या नाईकापुढे धरला. "बांध गाठ."

"कसली गाठ, आजी?"

"तू पाणी घातलंस त्याची. एक पायली पाणी, एक गाठ. बांध."

त्याने गाठ बांधली. मग दुसऱ्याने बांधली, तिसऱ्याने बांधली. चौथ्याची गाठ सुटत राहिली, त्याला ती तीन वेळा बांधावी लागली.

"महाराज, एवढाच हुकूम काढा," अर्कवाली म्हणाली. "चौकीनं हवं तर घ्यावं, हवं तर पाणी घालावं. पण घालील त्यानं दोराला गाठ बांधावी, आणि ती लोकांसमोर, उजेडी बांधावी. गाठ चुकवील तो त्याच घागरीतलं औषध स्वतःच्या तापल्या लेकराला पाजील. खाली गाठी मोजतील आणि त्याप्रमाणं पाणी घालतील. बिनगाठीला नऊ मापं. एका गाठीला साडेसहा. दोन गाठींना साडेचार. तीन गाठींना तीन मापं आणि वर थोडं. चार गाठींना दोन. हे खालच्या पोरांना पाठ करू दे. पाठ करायची त्यांना हौस आहेच."

हुकूम निघाला. दुसऱ्या साली घागर पहिल्या चौकीवर आली. हसतमुख नाईक पायली घेऊन पुढे झाला. त्याने फडके सोडले, माप बुडवले आणि दोर हातात घेतला. भोवती बाजारची माणसे उभी होती. एका भाजीवालीने शेजारणीला मोठ्याने विचारले, "कितवी गं गाठ ही?" नाईकाने क्षणभर दोराकडे पाहिले आणि माप पुन्हा घागरीतच उपडे केले.

पुढच्या तीन चौक्यांवर तर माप खालीच उतरले नाही. मानावर कुणी बंदी घातली नव्हती. फक्त तो लपवता येत नव्हता, आणि तेवढ्याने तो संपला. मधवाल्याचा माठही त्या सालापासून घट्टच खाली जाऊ लागला. गूळ घातल्याची तक्रार वर्षभर चालली आणि मग तीही थांबली.

अर्कवाली पुढे बरीच वर्षे जगली. दर साली रिकामी घागर डोंगरावर परत येई, तेव्हा ती आधी दोर हाती घेई आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवी. दोर गुळगुळीत लागला, की नव्या अर्काची साल कुटायला बसे. तिच्या भट्टीवर मात्र एक जुना दोर टांगलेला होता. धुराने तो काळा पडला होता. शेजारणी म्हणत, "आता तरी सोडव गं त्या गाठी. झालं गेलं." ती गाठी सोडवीत नसे. ती गेली, तेव्हाही त्या चार गाठी तशाच घट्ट होत्या.

तात्पर्य: पाणी मिसळल्याने औषध पातळ होते, पण मिसळल्याचे लपवल्याने तेच औषध घात करते.